दिवसपाळीची खुर्ची

माझा नवरा मला दिवसभर ‘कंट्रोल’ अशी हाक मारतो. लाडानं वगैरे नव्हे, वायरलेसवरून. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी त्याच कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. लिफ्ट मध्येच अडकली, की आतला माणूस घंटेचं चित्र असलेलं बटण दाबतो आणि ती घंटा माझ्या कानात वाजते. मग मी पत्ता विचारते, जवळचा मेकॅनिक धाडते आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहते. हे बोलत राहणं हीच माझी नोकरी. लिफ्ट हलवायला पाना लागतो, पण आतल्या माणसाला धरून ठेवायला नुसता आवाज लागतो. तो आवाज असा हवा, की जगात कुठेच काही बिघडलेलं नाही, आणि बिघडलंच असलं तर कुणीतरी चहा टाकलेला आहे.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकले. त्यातलं इथे काही उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतं ते “हातात पिशवी आहे का? काय काय आणलंत?” हे. माणसं पिशवीवर फार बोलतात. एका आजोबांनी मला पिशवीतली औषधं एकेक करून वाचून दाखवली होती, आणि मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा त्याला म्हणाले, “थांबा जरा, दोन राहिलीत.”

आमच्या हेडफोनच्या वायरीला एक छोटं बटण असतं. चिमट्यानं ते कॉलरला अडकवायचं, बरोबर गळ्याखाली. ते दाबून धरलं की आपला आवाज पलीकडे जात नाही. कंपनीनं ते शिंका-खोकल्यासाठी दिलंय. आम्ही बायका त्याच्यावर अख्खी पाळी काढतो. माझ्या शेजारी काकू बसतात, कंट्रोल रूममधल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचं काम ऐकण्यासारखं असतं. अंगठा बटणावर: “मेल्या, लाथा काय मारतोस, दार तुझ्या बापाचं आहे का!” अंगठा उचलला: “सर, जरा दारापासून दोन पावलं मागे उभं राहता का? हां, छान.” मधे श्वाससुद्धा घेत नाहीत.

भोंगा बटण वापरत नाही. भोंगा हे अर्थात आम्ही पाठीमागे ठेवलेलं नाव. तोंडावर आम्ही त्याला दादा म्हणतो. आमच्यातला तो एकटाच पुरुष. माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणतो. कॉल अवघड असला की भोंगा लाल होतो, कॉल संपला की हेडफोन ओढून काढतो, टेबलावर हात आपटतो, “हे डोक्याबाहेरचं आहे!” म्हणतो आणि जिन्यात हवा खायला जातो. मग कुणी पाण्याची बाटली घेऊन मागे धावतं, साहेब केबिनमधून बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतात.

“त्याला ताण येतो,” काकू म्हणतात. “आपल्याला कॉल येतो.”

तर, खुर्चीची गोष्ट. आमच्याकडे कायम दिवसपाळीची एकच खुर्ची आहे, खिडकीशेजारची, आणि तिच्यावर बसणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. बाकी सगळे पाळ्या बदलत असतात. माझ्या वाट्याला बहुतेक दुपार ते रात्र यायची. ते आजवर निभावलं, कारण पाळणाघराच्या ताई रात्री माझी वाट बघत बसायच्या. पण त्यांनी परवा सांगून टाकलं, “पुढल्या महिन्यापासून सहाला कुलूप. माझे गुडघे आता तुमच्या कंपनीच्या पाळ्या करणार नाहीत.” माझी आई लांब. सासूबाई मोठ्या दिरांच्या जुळ्यांमध्ये कंबरेपर्यंत बुडालेल्या. नवरा दुपारच्या पाळीला, शहरभर कुठल्या ना कुठल्या शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, लोंबकळत. म्हणजे एकतर मला ती खिडकीशेजारची खुर्ची मिळायला हवी, नाहीतर नोकरी सोडायला हवी.

आणि मला ही नोकरी आवडते. लहान मुलीच्या आईनं असं म्हटलं की लोक सहानुभूतीनं मान हलवतात, जणू मी ‘परवडत नाही म्हणून करते’ असंच म्हटलंय. पण दार उघडतं, पलीकडून कुणीतरी घाईघाईत “आलो, आलो बाहेर, ताई!” म्हणतं आणि लाइन बंद होते, तेव्हा माझ्या पोटात जे होतं ते घर आवरून होत नाही.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, की खुर्ची कुणाला द्यायची ते ह्या खेपेला शास्त्रीय पद्धतीनं ठरणार. कंपनीनं एक समुपदेशक नेमल्या आहेत, त्या प्रत्येकाची मुलाखत घेणार, आणि ज्याला कामाचा ताण सर्वांत जास्त त्याला दिवसपाळी.

माझा जीव भांड्यात पडला. ताणाचीच परीक्षा असेल तर मी अभ्यास न करता पहिली येणार होते. आमची ठकी अजून दोनाचीही नाही, पण माझ्या डोक्यात ती रोज निदान चार ठिकाणांहून पडते. गॅलरीतून, जिन्यावरून, पाळणाघराच्या टेबलावरून, आणि एकदा तर मी कॉलवर असताना मला दिसलं, की तिनं द्राक्ष गिळलंय. त्या दिवशी घरात द्राक्षं नव्हतीच. दिवसातून तीनदा मी पाळणाघरात फोन करून काहीतरी फालतू विचारते, ताई फोन उचलल्या उचलल्या म्हणतात, “श्वास घेतेय.”

नवरा मात्र साशंक होता. “तुझं तोंड बघून कुणाला वाटणार ताण आहे म्हणून?” तो म्हणाला. “तालीम करावी लागेल.”

सकाळी स्वयंपाकघरातच तालीम सुरू झाली. तो साहेब झाला, ठकीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.

“बोला बाई, काय त्रास आहे?”

“साहेब, तसं काही नाही, पण...”

“संपलं. ‘तसं काही नाही’ म्हटलंस की फाइल बंद. पुन्हा.”

“साहेब, मला जरा...”

“जरा नाही. जरा त्रास डासांचा असतो. मोठ्यानं. टेबलावर हात आपट.”

मी आपटला.

“दार वाजवतेस का, आत येऊ का म्हणून? अगं, भोंग्यासारखा आपट!”

तेवढ्यात ठकीनं हातातला चमचा ताटलीवर असा हाणला, की केळ्याचा तुकडा उडून त्याच्या कपाळाला चिकटला.

“हिच्याकडून शीक,” तो कपाळ न पुसता म्हणाला. “हिला खुर्ची मिळेल.”

“आणि तू? तू तरी कधी आपटतोस का?”

“मला कुठे ताण आहे?” असं म्हणून तो उठला आणि कपाटाच्या दाराचा स्क्रू आवळायला लागला. त्या आठवड्यात आमच्या घरातला प्रत्येक स्क्रू त्यानं आवळला होता. मिक्सरचं झाकण तर इतकं, की ते उघडायला तोच लागायचा.

मी बघणारी बाई आहे. बघायचं बंद कसं करायचं ते मला माहीत नाही. सुटीच्या दिवशी रात्री मी खिडकीतून बघायचे: तो येतो, स्कूटर स्टँडला लावतो, आणि मग उतरतच नाही. डोक्यावर हेल्मेट तसंच, हात मांडीवर, समोर भिंत. खालच्या मजल्यावरची मांजर येऊन त्याच्याकडे बघते, कंटाळते, निघून जाते, तरी हा बसलेला. विचारलं तर म्हणायचा, “पट्टा अडकतो हेल्मेटचा.” दुपारी निघताना तोच पट्टा एका बोटानं लागायचा आणि निघायचा, हेही मी बघितलेलं होतं.

मुलाखती सुट्या भागांच्या खोलीत ठेवल्या होत्या. भिंतीला लिफ्टच्या जुन्या पाट्या टेकवलेल्या, नुसत्या मजल्यांच्या बटणांच्या. त्यांच्या मधोमध एका खोक्यावर ताणवाल्या मॅडम बसल्या होत्या. वयानं माझ्याहून लहानच. मी मनात उजळणी करून गेले होते: तसं काही नाही म्हणायचं नाही, जरा म्हणायचं नाही, हात आपटायचा.

“शेवटचं कधी रडलात?” त्यांनी विचारलं.

खरं उत्तर तयार होतं: आज सकाळी, एक मोजा सापडेना म्हणून. पण मी तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. त्यांचा फोन खोक्यावर सारखा गुरगुरत होता आणि प्रत्येक गुरगुरीला त्यांचा खांदा एक बोटभर वर जात होता. आणि मग माझ्या तोंडून, मी काही ठरवायच्या आत, तो आवाज आला.

“घाबरू नका. आधी पाणी प्या. कितवा मजला... म्हणजे, आजची कितवी मुलाखत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा बांध फुटला. ही त्यांची पहिली नोकरी. वरच्या बाईंना सगळे अहवाल संध्याकाळपर्यंत हवेत. बसायला खुर्ची दिलेली नाही, मागायची कशी? ज्याच्याशी लग्न ठरलंय तो म्हणतो, नुसते प्रश्न तर विचारायचे असतात, त्यात एवढं काय. मी त्यांना त्यांच्या पिशवीत काय काय आहे ते विचारलं. डबा होता, सकाळपासून न उघडलेला. तो मी उघडायला लावला. त्यांचं खाऊन होईपर्यंत बोलत राहिले. शेवटी त्या डोळे पुसून हसल्या, “तुमच्याशी बोलून किती बरं वाटलं!” म्हणाल्या आणि भराभर काहीतरी लिहिलं.

मी तरंगतच बाहेर आले. दार उघडून माणूस बाहेर पडल्यावर होतं ना, अगदी तसं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मुलाखत माझी होती, आणि मी तिथेच कठडा धरून उभी राहिले.

माझ्यानंतर भोंगा आत गेला. तो काय बोलला ते सगळ्या मजल्यानं ऐकलं.

निकालाच्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस वाईट नाही. वाढदिवस लक्षात ठेवतात, ओरडत नाहीत, टेबलावर बायकोचा फोटो आहे आणि त्याची काच रोज पुसतात.

“अभिनंदन,” ते मला म्हणाले. “असा अहवाल मी पाहिला नाही. ‘भावनिकदृष्ट्या अत्यंत स्थिर. इतरांनाही आधार देण्याची क्षमता.’ वा!” मग भोंग्याकडे वळून आवाज उतरवला. “तुमची मात्र काळजी वाटते बरं का. तुम्ही उद्यापासून दिवसपाळीला.”

भोंग्यानं मान खाली घातली.

“आणि बाई, तुमचाही मी विचार केलाय. संध्याकाळी सगळ्यांत जास्त लिफ्ट अडकतात. तिथं खडक हवा. संध्याकाळची पाळी तुम्हाला कायमची!” ते खरोखर खूश होते. “बायकांना हे उपजतच असतं, मी नेहमी सांगतो. आमची मिसेसच बघा. पंचवीस वर्षांत कधी म्हणून तक्रार नाही.”

माझ्या तोंडावर हसू होतं. ते आपोआप येतं. आणि हसू आलं की उजवा हात आपोआप गळ्याखाली जातो, अंगठा बटणावर बसतो. तो बसला. मी बटण घट्ट दाबून धरलं आणि नेहमीसारखी, दातांमधून पण स्पष्ट, बोलायला लागले.

“तक्रार नाही म्हणे. मिसेसना बटण सापडलं असेल, म्हणून नाही तक्रार. आणि खडक! खडकाला पोर असतं का? सहाला पाळणाघराच्या दारात काय खडक जाऊन उभा राहणार? ह्यानं टेबल बडवला की ह्याला खुर्ची, आणि मी नाही बडवला म्हणून मला शिक्षा. बरं, उद्या मी बडवला तर? तर म्हणाल, बाई चिडचिडी झाली, हिला कॉलवर ठेवू नका. शांत राहिलं तर गरज नाही आणि चिडलं तर लायकी नाही. मग बाईनं करायचं काय, भांडणाचा मधला मजला शोधायचा? आणि मुळात पाळी माझीच का बदलायची? तिला बाप आहे ना! चांगला हातापायानं धड आहे, ह्याच कंपनीत आहे. त्याला कुणी विचारलंय का, बाबा रे, तुझी मुलगी सहाला कोण आणणार? नाही विचारलं. साहेबांनी नाही, आईनं नाही, सासूबाईंनी नाही. मी तरी कुठे विचारलंय!”

मग मी अंगठा उचलला आणि गोड आवाजात म्हणाले, “चालेल साहेब. जशी तुमची इच्छा.”

साहेबांच्या हातातला कागद हवेतच थांबला होता. भोंगा माझ्या गळ्याकडे बघत होता.

“वहिनी,” तो अगदी हळू म्हणाला, इतकं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलेलं नव्हतं, “ते शर्टाचं बटण आहे.”

मी खाली बघितलं. हेडफोन बाहेर माझ्या टेबलावर होता. माझ्या अंगठ्याखाली पांढरं, चार भोकांचं, साधं शर्टाचं बटण.

साहेबांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मिसेसना,” त्यांनी विचारलं, “कुठलं बटण?”

ते सावरून बसले. “हे बघा, तुम्हाला एवढं सगळं आत साठलं असेल, तर मग तुम्हाला फोनवर ठेवणं कितपत...”

“बघा,” मी म्हणाले. “हेच म्हणत होते मी आत्ता.” ह्या खेपेला हात मांडीवरच होते. माझा आवाज हलत होता आणि मला त्याचं काही करता येत नव्हतं. कंट्रोल रूममधला आवाज बोलावून बघितला, तो आला नाही.

भोंगा खाकरला. “साहेब, मला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरनं संध्याकाळची धावपळ बंद करायला सांगितलीय. मला खुर्ची हवी आहे, मी उगाच मोठेपणा करणार नाही. पण वहिनी बोलल्या त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मी उठून जातो तेव्हा माझी लाइन ह्याच घेतात.”

त्याच्यावर चिडावं म्हणून मी फार प्रयत्न केला. पण गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशातून डोकावत होतं, आणि मला राग यायच्या ऐवजी त्याच्या बीपीचा हेवा वाटला. निदान त्याच्याकडे दाखवायला आकडा तरी होता.

“खुर्ची त्यांना द्या,” मी म्हणाले. “पण अवघड कॉलनंतर मीही उठून जिन्यात जाणार, आणि काकूही. आणि तेव्हा आमची लाइन दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. आम्ही उठलो म्हणून कुणी आमच्या मागे पाणी घेऊन धावू नका, आणि काही लिहूनही ठेवू नका.”

“हे... हरकत नाही,” साहेब म्हणाले. “पण मग तुमच्या मुलीचं? सहाचं?”

“ते ज्याला विचारायचं त्याला विचारते,” मी म्हणाले आणि बाहेर आले. बाहेर काकूंनी माझ्याकडे एक नजर टाकली, अंगठा बटणावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, “शाब्बास गं माझी बाई!” मग अंगठा उचलून: “हां आजी, मेकॅनिक खालच्या मजल्यावर पोचलाय.”

दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. रात्री खिडकीतून बघितलं, तर स्कूटर आली, स्टँड लागला, आणि हा बसला. मांजर आली. मी ठकीला कडेवर घेतलं आणि खाली गेले.

“पट्टा अडकलाय का?”

तो दचकला. “हं.”

“काढून देऊ?” मी एका बोटानं खटका दाबला. निघाला. “अडकला नव्हता.”

“नव्हता.”

“मग काय झालंय?”

“काही नाही.”

“‘काही नाही’ म्हटलंस की फाइल बंद.”

तो हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्यानं ठकीला घेतलं नाही, हात मांडीखाली दाबून ठेवले. मग मांजरीला सांगावं तसं सांगायला लागला. महिन्याभरापूर्वी एका शाफ्टमध्ये त्याचा पाय सरकला होता. सुरक्षेचा पट्टा होता कमरेला, लागलं काहीच नाही, लोंबकळला आणि वर चढला. पण तेव्हापासून शाफ्टचं दार उघडलं की हात गार पडतात. घरी येईस्तोवर गारच राहतात. ठकीला गार हात लावायचे नाहीत म्हणून तो खाली बसतो, ते गरम होईपर्यंत.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू आधीच तिला दिवसातून चार वेळा पाडतेस. त्यात मला कशाला पाडायचं?”

माझ्या डोळ्यांपुढे तो शाफ्ट आलाच. मी घाईनं आवाज लावला: “बरं, आता शांत हो, मी आहे ना इथे, आधी मला सांग...”

“तो आवाज नको,” तो म्हणाला. “तो मी दिवसभर ऐकतो. तो तू अडकलेल्या लोकांसाठी काढतेस.”

“मग कुठला काढू?”

“गॅसपाशी शर्टाचं बटण दाबून काढतेस तो.”

मला घेरी यायची बाकी राहिली. “तो तुला ऐकू येतो?”

“वरच्या मजल्यावरच्या वहिनींनाही येतो. त्या परवा विचारत होत्या, तुमच्या सासूबाई आल्यात का म्हणून.”

मी ठकीला स्कूटरच्या सीटवर बसवलं आणि त्याच आवाजात बोलले. खुर्ची गेली म्हणून सांगितलं. पहिल्या तारखेपासून सहाला कुलूप आहे, आणि मी नोकरी सोडणार नाही. “तू सकाळची पाळी माग.”

“सकाळची?” त्यानं असा चेहरा केला, जणू मी त्याला फ्रॉक घालायला सांगितला. “सकाळी नुसतं सर्व्हिसिंग असतं गं. तेल घाला, धूळ पुसा, दोर तपासा. पोरं त्याला झाडू-पोछा म्हणतात. सुटका करायची कामं सगळी दुपारनंतरची.”

“शाफ्टमध्ये लोंबकळायचंही दुपारनंतरचंच ना?”

त्यानं मांजरीकडे बघितलं.

“तू मागितलीस तर फार तर हसतील,” मी म्हणाले. “मी मागितली तेव्हा मला खडक म्हणाले.”

ठकीनं तेवढ्यात त्याचं हेल्मेट ओढून स्वतःच्या डोक्यावर पालथं केलं आणि आतून घुमणाऱ्या आवाजात “बाबा?” म्हणाली. त्यानं ते काढायला हात पुढे केला, अर्ध्यात थांबला, हात एकमेकांवर घासले आणि मग काढलं.

फोरमनकडे तो गेला ते दुसऱ्या दिवशी. हे मला त्यानं नंतर सांगितलं, अथपासून इतिपर्यंत सगळं. एरवी तो तीन शब्दांत आटपतो.

“बायको आजारी आहे का?” फोरमननं विचारलं.

“नाही.”

“आईला बरं नाही?”

“ठणठणीत आहे.”

“मग सकाळची पाळी कशाला?”

“मुलीला सहाला आणायचं असतं.”

“मग बायको काय करते?”

“तुमच्या कंट्रोलवर आहे. संध्याकाळी आपली माणसं पोचेस्तोवर लोकांना तीच धरून ठेवते.”

फोरमन कान खाजवत बसला. हे कारण त्याच्या कुठल्याच खणात बसेना. आजवर त्याच्याकडे माणसांनी पाळी बदलून मागितली होती ती दातदुखीसाठी, मेव्हण्याच्या लग्नासाठी, एकानं तर सामना बघायचा म्हणून. सहाला मुलगी आणायची म्हणून कुणी नाही.

“तेवढंच?” त्यानं विचारलं.

नवरा म्हणतो, तिथे तो ‘तेवढंच’ म्हणून निघणार होता. पाऊल उचललंही होतं. मग म्हणाला, “नाही. पाय सरकला होता ना, तेव्हापासून हात गार पडतात.”

फोरमन उठला. आता हाकलतो की काय असं ह्याला वाटलं. फोरमननं दार लावून घेतलं, परत येऊन बसला आणि टेबलावर स्वतःचे दोन्ही हात ठेवले. “माझे अजून पडतात,” तो म्हणाला. “म्हणून तर मी टेबलावर आलो. घरी सांगितलं, बढती मिळाली.”

सकाळची पाळी मिळाली. पोरांनी त्याचं नाव ‘आया’ ठेवलं. हे सांगताना तो हसला, आणि मी बघत होते म्हणून सांगते, पूर्ण नाही हसला. त्या रात्री एकही स्क्रू आवळायला मात्र उठला नाही.

पहिल्या तारखेला मी माझ्या जागी बसले. खिडकीशेजारी भोंगा आवराआवर करत होता. मला म्हणाला, “वहिनी, काळजी करू नका.” मग स्वतःच म्हणाला, “बरं, करा.”

सहाच्या सुमारास घंटा वाजली. गाणं शिकवणाऱ्या एक बाई दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्या होत्या आणि श्वास घ्यायला विसरत होत्या. मी पत्ता घेतला, मेकॅनिक धाडला. डोळे घड्याळावर आणि तोंड लाइनवर. घड्याळाचा काटा सहावरून सरकला, तेव्हा माझ्या डोक्यात पाळणाघराचं कुलूप लागलं, ठकी पायरीवर एकटी बसली, रस्त्याच्या कडेला गेली. “तुम्ही शिष्यांना पहिल्यांदा काय शिकवता?” मी बाईंना विचारलं. “श्वास,” त्या म्हणाल्या आणि त्यांनाच हसू आलं. मग आम्ही दोघींनी मिळून श्वास घेतला. मला वाटतं, मला जास्त गरज होती.

दार उघडलं. बाई बाहेर पडल्या. काकूंनी न सांगता माझी लाइन आपल्याकडे ओढून घेतली, आणि मी जिन्यात जाऊन फोन बघितला.

त्याचा फोटो आला होता. पाळणाघराचा दरवाजा, ठकी त्याच्या बोटाला धरून उभी, दोघांची तोंडं उन्हानं वाकडी झालेली. मी फोटो मोठा केला. गुडघा बघितला, कपाळ बघितलं, मग पाय. सँडल उलट्या होत्या, उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या.

मी लिहिलं, “सँडल उलट्या आहेत.” मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं, कारण अशानं मूल पडतं, आणि पाठवून दिलं.

त्याचं उत्तर लगेच आलं. “माहीत आहे. तिनंच घातल्यात. काढू देत नाही. तू जा कामाला.”

खाली आणखी एक ओळ आली: “हो, श्वास घेतेय.”

मी कामाला गेले.